खंयच्या बाजून चावतंस?

गेल्या महिन्यात कवळीचं माप द्यायला गेलो होतो. नात घेऊन गेली. दातांची डॉक्टरीण म्हणजे तरुण पोर, हातात मोजे, तोंडावर फडकं. तिनं मला खुर्चीत आडवं केलं आणि विचारलं, "आजोबा, तंबाखू?"

"सोडली."

"घरात कुणाला तोंडाचा कॅन्सर वगैरे?"

"बायकोला."

"आहेत त्या?"

"नाही."

तिनं मान हलवली आणि म्हणाली, "आ करा." झालं. द्वारका तिथं संपली. पोरीची चूक नाही, बाहेर माणसं ताटकळत बसली होती. पण घरी आलो तरी मला जेवण जाईना. एवढी मोठी बाई, आणि एका शब्दात उरकली. म्हणून लिहायला बसलो. शाळा मी गावी जेमतेम बघितली, पुढं सगळं शिक्षण गिरणीच्या साच्यावर, म्हणजे मागावर. शब्द वेडेवाकडे पडतील. पडू देत.

द्वारका माझी बायको. डिलाईल रोडला चाळीत आमची एक खोली. मी गिरणीत साचे खात्यात, आणि ती त्याच खोलीत खाणावळ चालवायची. बायकापोरं गावी ठेवून आलेले आमच्या कोकणातले गडी दोन्ही वेळ आमच्याकडे जेवायचे. पहिल्या पाळीची पंगत उठली की दुसऱ्या पाळीची बसायची. भिंतीला पाठ लावून, मांडीला मांडी चिकटवून. द्वारका चुलीपाशी भाकऱ्या थापायची आणि तिथून जेवणाऱ्यांची तोंडं बघायची.

हे मी गमतीनं सांगत नाही. खरोखर बघायची. बाकीच्या खाणावळवाल्या ताट बघत, कुणाला काय हवं, कोण जास्त हाणतो. ही जबडा बघायची. भाकरी थापता थापता मधेच हात थांबायचा आणि खणखणीत आवाज यायचा,

"जानू, खंयच्या बाजून चावतंस रे?"

जानू माझ्याच खात्यातला. आडदांड गडी, चार माणसांना पुरून उरेल असा. पण दाताचं नाव काढलं की गळपटायचा.

"दोन्ही बाजून, वयनी."

"खोटा बोलू नको. उजवीकडचो दात दुखता तुझो. घास डावीकडे सारतंस. आ कर."

आणि तो एवढा दांडगा गडी सगळ्यांसमोर आ करायचा. "अजून मोठो कर. मगर बघलंस नाय काय कधी?" बाकीचे खो खो हसायचे. ती मात्र कधी हसली नाही. गड्याची हनुवटी धरून त्याचं तोंड खिडकीच्या उजेडाकडे फिरवायची, बघायची, आणि दोन बोटांनी हनुवटी वर ढकलून तोंड मिटवून टाकायची. डबा बंद करावा तसं.

मग निकाल. हिरडीतून रक्त येत असेल तर मिठाचं कोमट पाणी, सकाळ-संध्याकाळ, आणि रखरखीत राखुंडीनं घासायचं बंद. तोंड आलं असेल तर त्याच्या ताटातलं तिखट बंद, बाजूला कुळथाची पिठी आणि मऊ भात. दाताला भोक पडलं असेल तर लवंग. पण लवंग देताना सांगायची, "ही लवंग दुखणा गप करता, भोक बुजवीत नाय. दवाखान्यात जावचा लागतलाच." जेवल्यावर मोरीवर चूळ भरल्याशिवाय कुणाला बाहेर सोडायची नाही. तंबाखू मळत कुणी तसाच उठला की ओरडायची, "चूळ भरल्याशिवाय गेलंस तर उद्या वाढूचंय नाय!" आणि खरंच वाढायची नाही.

एकदा जानूचा गाल सुजला. डोळा अर्धा मिटला, अंगात ताप. तरी हा गडी पाळीवर निघाला. द्वारकेनं त्याला जिन्यात गाठलं.

"मेल्या, गाल बघ आरशात. कोणाकडसून उसनो आणलंस?"

"उद्या जातंय वयनी, दवाखान्यात."

"तुझो उद्या माका ठाऊक आसा."

तिनं चूल पारूच्या ताब्यात दिली. पारू म्हणजे शेजारच्या खोलीतली, तिची जिवाभावाची. आणि जानूला मनगट धरून सरकारी दातांच्या दवाखान्यात नेलं. तिथं बाकावर बसवलं आणि नंबर येईपर्यंत त्याचा सदरा मुठीत धरून ठेवला. उठून पळेल म्हणून. परत आल्यावर सगळ्या चाळीला सांगितलं, "दात काढून इलो, पण बोंब अशी मारल्यान, माका वाटला गिरणीचो भोंगो झालो." जानूनं पुढचे आठ-दहा दिवस खाली मान घालून पेज प्यायली. त्या दिवसापासून ती त्याची कोण झाली ते मला सांगता येत नाही. आई म्हणावं तर ती त्याच्याहून वयानं लहान होती.

आता तिच्या स्वतःच्या तोंडाचं सांगतो.

आमच्या मुलखातल्या बायका मशेरी लावतात. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची. पहाटे नळाला पाणी यायच्या आधी चाळीतल्या बायका जिन्याच्या पायऱ्यांवर बसायच्या, बोटानं मशेरी दातांवर घोळवत. एकीची डबी दुसरीकडे, दुसरीची तिसरीकडे. बाईला दिवसभरात बसायला मिळायचं ते तेवढंच. पुढं दिवस मावळेपर्यंत चूल, पाणी, धुणी. त्या पायऱ्यांवर सगळं ठरायचं. कुणाचं लग्न, कुणाचं भांडण, आणि त्या वर्षांत मोर्चेसुद्धा. दात घासून झाले तरी चिमूटभर मशेरी गालात राहायचीच. द्वारका ती उजव्या गालात ठेवायची. लग्न होऊन आली तेव्हा तिची दाढ दुखत होती, तर माझ्या आईनं डबी पुढं केली, "लाव, दात घट्ट राहतात." आईलाही तिच्या सासूनं तसंच सांगितलेलं.

दुसऱ्यांच्या तोंडात मिठाचं पाणी ओतणारी बाई स्वतःच्या गालात मशेरी धरते, यात आम्हाला कुणालाच काही वेडंवाकडं दिसलं नाही. तंबाखू खाणारा गडी वेगळा आणि मशेरी लावणारी बाई वेगळी, असंच सगळे धरून चालायचे. मशेरी म्हणजे दात घासायची वस्तू.

संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस. मुंबई मिळते की जाते, याच्याशिवाय गिरणगावात दुसरं बोलणं नव्हतं. बायकांचा मोर्चा निघायचा तेव्हा द्वारका पुढं. तिचा आवाज असा की तळमजल्यावर उभी राहून "जेवणां वाढलंऽय रेऽ" म्हणाली की चौथ्या मजल्यावरचा गडी हात धुवायचा. मोर्चात ती "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र" असा वरचा सूर लावायची आणि मागून सगळ्या बायका "झालाच पाहिजे!" म्हणून उचलायच्या. पुढारी लोकांना भोंगा लागायचा, हिला नाही. लालबागच्या नाक्यावर एका बाईनं तिला विचारलं होतं, "बाई, तुमचं गाणं कुठं झालं?" द्वारका म्हणाली, "खाणावळीत."

एका मोर्चात परळच्या वळणावर तिचा आवाज आलाच नाही. मागच्या बायका उचलायला थांबलेल्या, आणि पुढं गप्प. मग पारूनं सूर लावला, चिरका, पण लावला. मी रस्त्याच्या कडेला गिरणीच्या लोकांबरोबर उभा होतो. द्वारका तोंडाला पदर लावून चालत होती. आम्हाला वाटलं, अश्रुधुराचा त्रास. त्या दिवशी निम्मी माणसं तोंडाला कापड लावूनच चालत होती.

मग गोळीबार झाला, कर्फ्यू लागला, गिरण्या बंद पडल्या. त्या वेळी जेवायला आलेले गडी आमच्याच खोलीत अडकले. रस्ता ओलांडायची सोय नव्हती. एका खोलीत आम्ही सगळे दिवसरात्र. पत्ते कुटा, भांडा, झोपा. आणि या कर्फ्यूनं एक गोष्ट केली, जी एरवी कधी झाली नसती.

आमच्यात बाई शेवटी जेवते. सगळ्यांची पंगत उठली, भांडी घासली, मग चुलीकडे तोंड आणि माणसांकडे पाठ करून. कुणी बघत नाही, बघायची रीतच नाही. पण आता खोली माणसांनी भरलेली, पाठ कुणाकडे करणार? द्वारका ताट घेऊन कोपऱ्यात बसली. भाकरी पाण्यात कुस्करली, बोटांनी पार लगदा केला, आणि मान मागं टाकून घास घशात सोडला. मग पाणी. मग पुढचा घास.

जानू समोर बसला होता. पत्ते हातात. तो बघत राहिला. मग हळूच म्हणाला,

"वयनी, तुम्ही चावतासच नाय."

कुणीतरी हसलं. जानूची चेष्टाच आहे, वहिनीचा डाव वहिनीवर उलटवला, असं वाटलं. द्वारका हसली नाही.

"भूक नाय माका."

"खंयच्या बाजून चावतास, सांगा बघू."

"तू तुझे पत्ते बघ."

"आ करा, वयनी."

तिनं पदर तोंडावर घेतला, ताट उचललं आणि मोरीत गेली. आणि दारात पारू उभी होती, ती रडायला लागली. पारूला सगळं ठाऊक होतं. कित्येक महिने आमटीचं मीठ पारू चाखत होती. द्वारकेच्या तोंडाला तिखट-मीठ लागलं की आग व्हायची. द्वारकेनं तिला शपथ घातली होती. का, तर खाणावळवालीच्या तोंडात जखम आहे हे कळलं तर जेवायला कोण येईल? तिची एक दाढ हलायला लागली होती. दवाखान्यात गेलं तर अख्खी सकाळ जाते आणि पंगत बुडते, म्हणून पुलाखाली फुटपाथवर बसणाऱ्या दातवाल्याकडून ती उपटून घेतली. दाढ गेली, पण तिची जागा भरली नाही. दुखतं म्हणून त्या खड्ड्यात मशेरी दाबायची. मशेरीनं बधिर व्हायचं. बधिर झालं की बरं वाटायचं. पुन्हा दुखलं की पुन्हा मशेरी. जानूला जे सांगितलं, लवंग दुखणं गप करते, भोक बुजवत नाही, ते तिला स्वतःला लागू पडतं असं वाटलंच नाही.

कर्फ्यू उठल्यावर परळच्या मोठ्या इस्पितळात नेलं. जानू आणि मी. या वेळी जानू तिचा पदर धरून बाकावर बसला होता. डॉक्टरीणबाईनं आरसा घालून बघितलं. आ करायला सांगितलं तर दोन बोटं जेमतेम मावतील एवढंच तोंड उघडलं.

"किती दिवस लावताय मशेरी?"

"लगीन झाल्यापासून."

"कुठं धरता?"

द्वारकेनं उजव्या गालाला बोट लावलं.

"तिथंच झालंय. आधी पांढरा डाग पडला असेल."

"पडलेलो. पण दुखत नव्हतो."

डॉक्टरीण म्हणाली, "तो दुखत नाही, बाई. म्हणूनच तुम्ही येत नाही."

वाचणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवा. गालात, जिभेवर पांढरा नाहीतर लाल डाग, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, दाढ काढून न बुजलेला खड्डा, तोंड पहिल्याएवढं न उघडणं, यातलं काही असेल तर लवंग नको, मीठ नको. सरळ डॉक्टरला दाखवा. तुमच्या घरात शेवटी जेवणारं जे कुणी असेल, त्याच्या तोंडाकडे बघा. मला दुसरं काही सांगायचं नाही.

किरणांचे शेक सुरू झाले. ट्रामनं जायची, शेक घेऊन यायची, चुलीपाशी बसायची. मशेरीची डबी तिनं पहिल्याच दिवशी मोरीत रिकामी केली. पण पहाटेची पायऱ्यांवरची बैठक सोडली नाही. रिकाम्या तोंडानं जाऊन बसायची. पारूनं सवयीनं डबी पुढं केली, तर हिनं ती हातातून काढून घेतली आणि पदराखाली घातली.

"आ कर."

"काय गो द्वारके, डॉक्टरीण झालंस?"

"आ कर म्हणतंय ना!"

बोलताना तिची लाळ गळायची, शब्द बोबडे यायचे. पारूनं आ केला. द्वारकेनं चमच्याच्या दांड्यानं तिचा गाल बाजूला केला, दिव्याच्या उजेडाकडे मान फिरवली, आणि तिच्या गालात पांढरा डाग निघाला. मग एकेकीला बघितलं. अजून एक निघाली. दोघींना जानूबरोबर इस्पितळात धाडलं. त्या दोघींनी मशेरी सोडली, वर्षभर डॉक्टर बघत राहिले, डाग गेले. पारू नव्वदीला टेकून म्हातारपणानं गेली. शेवटपर्यंत तांदळाची भाकरी चावून खायची आणि खाताना डोळे पुसायची.

खाणावळीतले दोघं सोडून गेले. दुखणं ताटातून लागतं म्हणाले. नावं लिहीत नाही. बाकीचे राहिले. आम्ही दोघं-तिघं मिळून भात रटारटा शिजवायचो, करपायचा, आणि ते गडी मुकाट खायचे. द्वारका भिंतीला टेकून त्यांचे जबडे बघायची.

दुखणं हटलं नाही. थोडं मागं गेलं आणि दुप्पट होऊन आलं. मग जबड्याचं ऑपरेशन. त्यानंतर बोलणं संपलं. नळीतून दूध. गिरणगावात "जेवणां वाढलंय" म्हणणारा तो आवाज पुन्हा कुणी ऐकला नाही. मी भेटीला गेलो की ती हातानं विचारायची, बाहेरच्या बाजूला बोट दाखवून, मग मूठ वर करून. झाला का महाराष्ट्र? मी म्हणायचो, "अजून नाही. होतोय." पारू म्हणाली होती, "खोटा सांग तिका, झालो म्हणान." मला जमलं नाही. तिच्याशी खोटं बोललं की ती जबड्यावरून ओळखायची.

शेवटचं सांगतो.

त्या दिवशी पाळी सुटल्यावर मी तसाच इस्पितळात गेलो होतो. पोटात काही नव्हतं. वाटेत चणे घेतले होते, तिच्या खाटेपाशी बसून खात होतो. तिच्यासमोर खायचं जिवावर यायचं, पण खाल्लं नाही तर ती रागवायची. अर्धा चेहरा पट्टीत, डोळे तेवढे उघडे. ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, महाराष्ट्राचं विचारेल. तिनं हात वर केला. एक बोट डाव्या गालावर ठेवलं. मग पट्टीवर, उजव्या बाजूला. आणि भुवया उडवल्या.

मला कळलं. खंयच्या बाजून चावतंस?

"डाव्या," मी म्हणालो. उजवीकडची दाढ महिनाभर ठणकत होती. कुणाला बोललो नव्हतो.

तिनं हाताची बोटं उघडून दाखवली. आ कर.

मी आ केला. भेटीची वेळ, वॉर्ड माणसांनी भरलेला, आणि मी चाळिशीकडे झुकलेला बाप्या तोंड वासून बसलो होतो. तिनं माझी हनुवटी धरली, तोंड खिडकीकडे फिरवलं आणि बघितलं. बराच वेळ. मग दोन बोटांनी तोंड मिटवून टाकलं. आणि दाराकडे बोट केलं.

"उद्या जातो," मी म्हणालो.

तिनं हात झटकला. तुझो उद्या माका ठाऊक आसा.

"नक्की जातो गो. शपथ."

घंटा झाली. सगळ्यांना बाहेर काढायला लागले. दारातून मागं वळून बघितलं. ती पदर पट्टीवर धरून बसली होती आणि माझ्या जबड्याकडे बघत होती, मी चालताना काही चावतोय का ते.

दुसऱ्या दिवशी गेलो. सरकारी दातांच्या दवाखान्यात, जानूला बसवलं होतं त्याच बाकावर बसलो. माझा नंबर यायचा होता तेव्हा इस्पितळात द्वारकेपाशी थांबलेला जानू दारातून आत आला. त्याचा चेहरा बघूनच मी उठलो. त्यानं माझा सदरा मुठीत धरला आणि मला खाली बसवलं, स्वतः शेजारी बसला. आतून नंबर पुकारला. मी त्याच्याकडे बघितलं.

"आधी दात काढून घे," जानू म्हणाला. "वयनीन जाता जाता हातान सांगितलेला."

मी आत गेलो. आ केला.